बोट काही उठेना

ती बोट आमच्या टूलरूममध्ये आली तेव्हा आम्हाला वाटलं, साहेबांचं डोकं फिरलं. पिंपरीतल्या आमच्या कंपनीत यंत्रांचे सुटे भाग बनायचे. पाण्याशी आमचा संबंध चहापुरता. आणि एक दिवस ट्रकमधून हे धूड उतरलं. कुठल्याशा लिलावात घेतलेली जुनी परदेशी बोट, रंगाचे पोपडे निघालेले, आणि पोटाखाली दोन लोखंडी पंख, एक पुढे, एक मागे. मालक, म्हणजे आमचे साहेब, म्हणाले, ही साधी मोटरबोट नव्हे, हायड्रोफॉइल आहे. वेग आला की पाणी त्या पंखांना वर उचलतं, अख्खं पोट पाण्याबाहेर येतं आणि ती नुसत्या पंखांवर पळते. आम्ही माना डोलावल्या. साहेब गेल्यावर एकमेकांना विचारलं, तुला काय कळलं राव? कुणालाच काही कळलं नव्हतं.

काम आलं मिस्त्रींकडे. हे आमच्या टूलरूममधले सगळ्यांत जुने फिटर, चाकणच्या बाजूचे, आणि मी त्यांच्या हाताखालचा. माणूस असा की कँटीनचं टेबल जरा डुगडुगलं तर ताट बाजूला सारून आधी पायाखाली कागदाची घडी घालणार. त्यांना तरी काय बोलायचं, आमचा सगळ्यांचा धर्मच तो. सरळ म्हणजे सरळ, काटकोन म्हणजे काटकोन. केसभर कललं की माल रिजेक्ट, वर शिव्या.

पण त्या बोटीत मिस्त्रींचा जीव अडकला तो वेगळ्याच कारणानं. ते रिटायर व्हायला आले होते, आणि त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, त्यांचं काम जन्मात कधी बघितलं नव्हतं. गेटातून घरच्यांना आत सोडत नसत. काकू चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायच्या. त्या विचारायच्या, "अवो, दिवसभर करता तरी काय आत?" हे म्हणायचे, "घासतो. कानस घेऊन लोखंड घासतो." त्यावर काकू म्हणायच्या, "मग मीबी भांडी घासते की. मला न्हाई कोण पगार देत!" मिस्त्री हे हसत हसत सांगायचे, पण त्यांना ते लागायचं, मला दिसत होतं. बोट हे त्यांच्या हातचं असं पहिलं काम होतं, जे गेटाबाहेर उभं राहून बघता येणार होतं. त्यांनी साहेबांकडे मागणं तेवढंच मागितलं होतं, मी कंपनीत आहे तोवर बोट उठू द्या आणि आमच्या मंडळींना एकदा तीत बसवा. साहेब हो म्हणाले होते.

झालं, आम्ही भिडलो. इंजिन खोललं, फळ्या बदलल्या, फटी बुजवल्या. पंख घासूनपुसून काढले तेव्हा मिस्त्रींनी पुढच्या पंखावर बुडबुड्याची लेव्हल ठेवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुढची कड किंचित वर होती. "कुठंतरी दगडाला आपटलीय ही," ते म्हणाले. मग दोन शिफ्ट खपून त्यांनी त्या पंखाची बैठक घासली, पंख बसवला, पुन्हा काढला, पुन्हा घासली. शेवटी लेव्हलचा बुडबुडा मधोमध येऊन असा थांबला की हलायला तयार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. काय ते काम! खंडेनवमीला लेथ, ड्रिलिंग मशिनच्या बरोबरीनं आम्ही बोटीलाही झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडला.

आणि पवना धरणाच्या पाण्यात बोट काही उठेना.

तिथून पुढे आमचे सगळे रविवार नासले. कंपनीच्या ट्रकमधून बोट न्यायची, मागून कंपनीच्या बसनं आम्ही जायचं, आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायचं. इंजिन मस्त गुरगुरायचं, बोट जोरात निघायची, आणि मग पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी पोट टेकून चालायची. मी म्हटलं कार्बोरेटर. कार्बोरेटर साफ केला, वेग वाढला, बोट पाण्यातच. मग प्लग बदलले. मग प्रॉपेलर पाणी पकडत नाही असं ठरलं, तो काढून घासून चकचकीत केला. वेग अजून वाढला. बोट पाण्यातच! जितकं बरं करावं तितकं डोकं जास्त गरगरायला लागलं. दुरुस्ती फसली असती तर निदान राग तरी नीट आला असता. इथे प्रत्येक दुरुस्ती लागू पडत होती आणि उपयोग शून्य.

वजन जास्त असेल म्हणून बाकं काढली. पोटात पाणी शिरत असेल म्हणून सगळ्या फटी पुन्हा भरल्या. पेंटशॉपवाला म्हणाला रंग जड झाला. कँटीनवाला म्हणाला नारळ नासका निघाला होता, मी तेव्हाच बोललो होतो. त्याच्यावर मी असा खेकसलो की आठवडाभर मला चहा गार मिळाला. पंखांकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. कसं बघणार? सगळ्या बोटीत खात्रीचं असं तेवढंच होतं.

मिस्त्रींची तर घरी जायची पंचाईत झाली. काकूंना त्यांनी सांगून ठेवलं होतं, बोट पाण्यावरून उडते. काकूंनी अख्ख्या बाजारात सांगितलं होतं. आता दर रविवारी त्या विचारायच्या, "उडली का?" आणि हे टोपी खुंटीला लावून हातपाय धुवायला निघून जायचे. दिवस तर संपत आले होते. अखेर रिटायर व्हायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी साहेबच म्हणाले, "मिस्त्री, उठू दे नाहीतर न उठू दे, वहिनींना घेऊन या."

काकू आल्या त्या कांद्याचं पोतं घेऊनच. साहेबांना भेट. काठावर ठेवा म्हटलं तर ऐकेनात, माणसं न्हाईत ओळखीची, म्हणाल्या. बोटीत पाऊल टाकल्याबरोबर तरातरा पार मागच्या टोकाला गेल्या आणि पोतं मांडीशी घेऊन बसल्या. मिस्त्री म्हणाले, "अगं, मधी बस, पुढं बस, चांगलं दिसंल."

"नगं. बुडाली तर काठ जवळ पायजे. हिथनं काठ जवळ हाय."

बोट निघाल्यावर काठ कुठला जवळ राहतो? पण कोण बोलणार! आजवर चाचणीला आम्ही सगळे पुढे गर्दी करायचो, पंखांपाशी काय होतंय ते बघायला. त्या दिवशी काकूंना धरायला मिस्त्रीही मागे जाऊन बसले आणि मीही. बोट चालवायला साहेब होते, त्यांनी जोर दिला. बोटीचं नाक वर झालं आणि एकाएकी खालून कुणीतरी खांदा दिल्यासारखी ती उचलली गेली. हादरे थांबले. पाण्याचा आवाज खाली राहिला. मी वाकून बघितलं तर बोटीचं पोट आणि पाणी यांच्यामध्ये उजेड दिसत होता! काकूंनी "आई गं!" म्हणून मिस्त्रींचा दंड धरला. मी आनंदानं ओरडलो. तेवढ्यात साहेब काय झालं म्हणून आमच्याकडे वळले, जोर कमी झाला आणि बोट धपकन खाली बसली.

मग आम्ही पुढे बसून बघितलं, उठली नाही. मागे बसलो, उठली. पुन्हा पुढे, नाही. साहेब म्हणाले हा काय चमत्कार आहे, मी म्हटलं मला विचारू नका, माझं डोकं बंद पडलंय. उतरल्यावर मिस्त्री नुसतेच त्या पुढच्या पंखाकडे बघत उभे राहिले.

परतताना बसमध्ये मी मिस्त्री आणि काकूंच्या मागच्याच बाकावर होतो. मिस्त्रींनी खिडकीतून हात बाहेर काढला. पंजा सपाट, लेव्हल लावल्यासारखा. हात स्थिर. मग त्यांनी अंगठ्याकडची कड जराशी वर केली आणि वाऱ्यानं हात वर उचलला. सपाट केला, हात खाली. पुन्हा कलवला, हात वर. ड्रायव्हर ओरडला, "हात आत घ्या भाऊ!" त्यांना ऐकूच आलं नाही.

"आपटली नव्हती ती कड," ते म्हणाले. "मुद्दाम कललेली होती. मी सरळ केली."

काकूंनी विचारलं, "म्हंजे?"

"म्हंजे बोट मी बिघडवली."

"मग उचलली कुणी?"

"तू. तू आन् तुझ्या कांद्यानं. मागं वजन पडलं, तवा कुठं बोट कलली."

काकू हसल्या, मग त्यांचा चेहरा बघून पदर सावरत त्यांच्याजवळ सरकल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मिस्त्री रिटायर झाले. पुढच्या चाचणीला या म्हणून साहेबांनी निरोप धाडला, तर म्हणाले, "नगं. मी आलो की पुन्यांदा लेव्हल लावीन." पंख कलवायचं काम माझ्यावर आलं. किती कलवायचा हे साहेबांना माहीत नव्हतं, मला तर मुळीच नाही. मी डोळे मिटले, बसच्या खिडकीतला तो हात आठवला आणि त्या अंदाजानं बैठकीच्या पुढच्या बाजूला पितळी पाचर ठोकली. पवनेच्या पाण्यावर बोट उठली, माणसं कुठेही बसोत, उठली आणि पळाली.

सांगायला मी चाकणला त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री ओसरीवर बसले होते, काकू सुपात लसूण सोलत होत्या. बोट उठली म्हटल्यावर ते नुसतं "बरं झालं" म्हणाले. मग न राहवून विचारलं, "किती कलवलीस?"

"माप कुठलं असणार? बसमध्ये तुमचा हात होता, तेवढी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात हवेत पुढे धरला, सपाट केला, कलवला, अजून कलवला. "एवढी?"

मी म्हटलं, "थोडी कमी." त्यांनी हात हलवला, तर तो फारच सपाट झाला, पुन्हा हलवला, तरी जमेना.

काकूंनी सूप खाली ठेवलं, लसूण लागलेल्या बोटांनी त्यांचं मनगट धरलं आणि जरासं फिरवलं.

"एवढी," त्या म्हणाल्या. "मी बघत हुती की शेजारी."