परसातला बल्ब आणि आत्यांची शेवंती

शेवंती आत्यांची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. रिहे गावच्या माहेराहून त्यांनी ती आणली होती. दरवर्षी फुलं सरली की झाड बुडाशी कापायच्या आणि खालून फुटलेली रोपं पुन्हा लावायच्या. आमच्या सूसच्या घरामागे तिचा एकच वाफा. बाकीची झाडं दिवाळीआधीच फुलून मोकळी व्हायची, ही बया मात्र मार्गशीर्षाशिवाय तोंड उघडत नसे. गुरुवारच्या घटाला घरचीच शेवंती हवी, हा आत्यांचा हट्ट. विकतची आणली तर त्या दिवशी धड जेवायच्या नाहीत.

त्या वर्षी श्रावणात त्यांचं दुखणं कळलं. पोटातलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले. मला म्हणाल्या, "मला आता काय बी नको. यंदाची शेवंती तेवढी बघून जाते."

रात्री त्या दोनतीनदा परसातल्या संडासाला उठायच्या. एकदा पडल्या. मी दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून वाफ्यावरच्या भिंतीला मोठा बल्ब लावून घेतला. तिन्हीसांजेला लावायचा, तो उजाडल्यावरच विझवायचा.

"एवढा उजेड कशाला गं?" त्या कुरकुरल्या.

"परत पडलात म्हणजे कोण निस्तरणार?" मी खेकसले. माझं तोंडच तसं आहे, काय करू.

मार्गशीर्ष लागला. झाडं कमरेएवढी, हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. मी शेणखत घातलं, पाणी तोडून पाहिलं, झाडांना शिव्या घातल्या. अंथरुणावरून आत्या रोज विचारायच्या, "आली का गं कळी?" मी म्हणायचे, "येतीये." सगळे गुरुवार विकतच्या फुलांवर गेले. शेवटच्या गुरुवारी त्यांनी विचारलंच नाही. पौषात त्या गेल्या.

तेराव्यानंतर बल्ब लावायला कारण उरलं नाही. दीडदोन महिन्यांत वाफा कळ्यांनी भरला. मेली आता फुलायला निघाली, म्हणून मी तिच्यावरच चिडले. चांदे गावचे माझे चुलत दीर फुलशेती करतात. ते आले, तेव्हा त्यांच्यापुढेही मी तेच गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"वैनी, ह्यो बल्ब रातभर जळत हुता का? शेवंतीला रातीचा अंधार लागतो. उजेडात ती कळी धरतच न्हाई."

मी आत जाऊन चहा टाकला. त्यांच्यादेखत रडले नाही. पुढे फुलं आल्यावर नवरा म्हणाला, आईच्या फोटोला हार कर. माझ्याच्यानं झालं नाही. आत्यांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मीच रोज संध्याकाळी, आठवणीनं बटण दाबून, त्यांना मिळू दिली नाही.