एकवीस नंबरचं वजन

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात माझ्या मावशीला नावानं कुणी हाक मारत नाही. तिला सगळे 'वजन' म्हणतात. "वजन आलं का?" "वजनाला चहा द्या रे." तीही खुशाल ओ देते. नवा माणूस हे ऐकून चपापतो, कारण मावशी अंगानं काडी आहे. पण साइडकार जोडलेल्या मोटारसायकलीत चालकाशेजारी जो बसतो, कधी बाहेर झुकतो, कधी मागच्या चाकावर उडी घेतो आणि गाडीला चढ चढायला लावतो, त्याला आमच्याकडे वजनच म्हणतात. लग्न झाल्यापासून मावशी काकांच्या शेजारी हेच करत आली.

लोक आमच्या ट्रायलला शर्यत समजतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. शर्यत कसली? आमच्या गाड्यांना कुत्रीसुद्धा मागे टाकतात. प्रश्न एवढाच असतो, की आजोबांच्या वयाची गाडी स्वतःच्या दमावर निघाली, दिवसभर चालली आणि वाटेतले चढ न थांबता चढली का? मधे बंद पडली तर रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करा. पाना, तार, प्लग, जे लागेल ते मागून येणारा देतो. देणार नाही असा माणूस आमच्यात अजून जन्मला नाही. शेवटची गाडी आल्याशिवाय संध्याकाळी क्लबाच्या शेडमध्ये जेवण वाढत नाहीत. एकदा बेकरीवाल्या भावांच्या गाडीचा रेडिएटर फुटला, तेव्हा अख्खा क्लब भुकेला बसून त्यांना शिव्या देत होता. ते आले तेव्हा टाळ्याही त्याच लोकांनी वाजवल्या.

आता नंबराचं. आमच्याकडे नंबर एकदा मिळाला की घरात राहतो, पण लागोपाठ दोन वर्षं ट्रायलमधला सगळ्यात अवघड, खाणीचा चढ चुकला की काढून घेतात आणि दुसऱ्याला देतात. एकवीस नंबर आमच्या आजोबांचा. त्यांनी स्वतः पत्रा कापून, स्वतः रंगवून तो गाडीला लावला होता. पुढे त्यांनी गाडी जावयाला, म्हणजे काकांना दिली आणि मुलीला शिवणयंत्र दिलं. याचा मला अजून राग येतो. मावशीला आला असला तरी तिनं बोलून दाखवलं नाही. तिनं त्या यंत्रावर गाड्यांच्या सीट शिवायला घेतल्या, आणि आज क्लबातला प्रत्येक शहाणा मावशीच्या शिवणीवर बसलेला आहे.

गेल्या वर्षी काका छापखान्यात शिडीवरून पडले. मनगट सांधलं, पण वाकडं. खाणीच्या चढावर क्लच धरता धरता बोटं सुटली आणि गाडी वळणावर बंद पडली. एक चूक झाली होती. यंदा दुसरी झाली असती तर एकवीस नंबर गेला असता.

ट्रायलच्या आधी शेडमध्ये बैठक होती. आमचा सेक्रेटरी दातांचा डॉक्टर आहे. माणूस चांगला, पण समोरच्यानं तोंड उघडायच्या आत बोलतो. त्यानं विचारलं, "एकवीस? यंदा उतरणार की नाही?"

"उतरणार," मावशी म्हणाली. "मी चालवणार."

"वजन चालवणार?" डॉक्टर हसला. "मग वजन कोण?"

"मी," काका म्हणाले.

शेड हसून हसून आडवी झाली. काकांचं पोट साऱ्या क्लबाला ठाऊक आहे. मी मात्र हसले नाही, कारण मला माहीत होतं ते त्यांच्यातल्या कुणी पाहिलंच नव्हतं. शिवलेल्या सीट साइडकारमध्ये घालून गिऱ्हाइकांकडे पोचवायला मावशी हीच गाडी वर्षानुवर्षं हाकत होती. पण ते काम होतं ना, त्यामुळे त्याला कुणी चालवणं म्हणालं नाही.

सराव गोदामामागच्या उतरत्या रस्त्यावर सुरू झाला. मी बघायला गेले होते. काकांचा ताप असा, की बसले साइडकारमध्ये पण चालवायचे थांबेनात. डावा हात हवेत क्लच दाबायचा. "दुसरा! दुसरा टाक! अगं, आता सोड!" वळणावर तर त्यांनी अंग नेमकं उलट्या बाजूला टाकलं आणि गाडी गटाराकडे निघाली. मावशीनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.

"उतरा," ती म्हणाली.

"का?"

"एक तर तुम्ही चालवा, नाहीतर बसा. दोन्ही जमणार नाही."

"बरं, बसतो गप. पण उडी कधी घ्यायची ते तू सांगशील की नाही? मी सांगायचो ना तुला? 'आता' म्हणायचो, तू उडायचीस."

मावशी हातमोजे काढत होती. "तुम्ही म्हणायचात. पण मी ते ऐकून कुठे उडत होते?"

"म्हणजे?"

"मागचं चाक घसरायला लागलं की बुडाला कळतं. तुमचं 'आता' येईपर्यंत थांबले असते तर आपण एकही चढ चढलो नसतो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या जोरात ओरडायचात. म्हटलं, ओरडू देत बापडे."

काका परत साइडकारमध्ये जाऊन बसले. त्यानंतर सरावात ते गप्प बसायला लागले. खाली बघायचे, पत्र्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे. मावशीनं एकदाही त्यांना सांगितलं नाही, की आता उडी घ्या. मला ते जरा जास्तच वाटलं. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "सांगितलं तर उशीरच होतो गं."

ट्रायलच्या दिवशी खाणीच्या वळणावर झेंडे घेऊन मी उभी होते. गाडी न थांबता गेली तर पांढरा, चाकं थांबली तर लाल. घरच्या गाडीला घरच्यांनी झेंडा दाखवू नये असा नियम इतर कुठे असेल. आमच्याकडे समजूत उलटी आहे: घरच्यांइतकं कडक कुणी नसतं. वळणावर एक सपाट खडक आहे, त्यावर सतत पाणी झिरपतं. त्याच्या अलीकडे सुटे दगड. त्या दिवशी तिथे बऱ्याच जणांचं वाटोळं झालं होतं. डॉक्टरची मोटारसुद्धा खडकावर बसली, आणि मी लाल झेंडा दाखवल्यावर तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिला, की माझीच अक्कलदाढ काढणार.

मग एकवीसचा आवाज आला. तो मी झोपेतही ओळखेन. दगडांतून मावशी पहिल्या गियरवर आली, जराही घाई नाही, सीट पोचवायला निघाल्यासारखी. वळण घेतलं. मागचं चाक ओल्या खडकावर चढलं आणि घसरलं. इंजिन किंचाळलं, चाक जागच्या जागी फिरायला लागलं, गाडीचा वेग मरत चालला. माझा लाल झेंड्याचा हात वर यायला लागला. देवाशपथ, तो हात मला माझा वाटत नव्हता. काकांनी मान वळवून मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. मावशी समोर बघत होती, ओठ घट्ट मिटलेले.

आणि काका उडाले. पोट, वाकडं मनगट, सगळं घेऊन त्यांनी स्वतःला मागच्या चाकावरच्या लोखंडी कॅरिअरवर झोकून दिलं, पोत्यासारखं आडवं. चाकानं खडक धरला. गाडीला एक धक्का बसला आणि ती माझ्या अंगावर चिखल उडवत वर निघून गेली. झेंडेवाल्यानं ओरडायचं नसतं. मी ओरडले. पांढरा झेंडा इतका हलवला की काठी मोडली.

संध्याकाळी शेडमध्ये रिवाजाप्रमाणे खाणीचा चढ चढलेल्या चालकांना एकेक करून तेलाच्या ड्रमवर उभं केलं. तिथून आपण गाडी कशी चढवली ते सांगायचं असतं. काकांचं भाषण दरवर्षी एवढं लांबायचं की वरण निवायचं. यंदा मावशी चढली. तिला सवय नव्हती, हात कुठे ठेवावेत कळेना.

"चाक घसरत होतं," ती म्हणाली. "यांनी वजन टाकलं. वर आलो. चला, जेवून घ्या."

ती खाली उतरली. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. माझ्यासारखंच बाकीच्यांनाही काहीतरी जाणवलं असावं. त्या ड्रमवरून इतक्या वर्षांत वजनाचा उल्लेख कधी झालाच नव्हता.

"थांबा," काका म्हणाले. "माझं राहिलंय."

"यंदा तुम्ही चालक नाही," डॉक्टर म्हणाला.

"यंदाचं नाही सांगत." डॉक्टरच्या खांद्याचा आधार घेऊन ते ड्रमवर चढले. कॅरिअरवर आपटून हनुवटी सुजली होती, पण उभे ताठ राहिले. "मागचं सगळं चुकीचं सांगितलंय मी तुम्हाला. आता पहिल्यापासून सांगतो. आमच्या लग्नाच्या वर्षी, हाच चढ, हाच खडक. मी 'आता' म्हणून ओरडलो. तेव्हा ही आधीच हवेत होती."

वरण निवलं. कुणी उठलं नाही.