मागाजवळचा अभ्यास

कोसा रेशमाच्या साडीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली, की तिचा ओलसर, रानातला वास उठतो आणि मी थेट पवनी गावातल्या घरात, बाबांच्या हातमागाजवळ जाऊन बसते.

मॅट्रिकचा अभ्यास मी तिथंच, मोठ्यानं वाचून केला. मागाच्या खटक्यामागून शब्द, शब्दामागून खटका. पुढं नागपूरच्या कॉलेजची फीही त्याच मागावर विणली गेली. पण होस्टेलात मोठ्यानं वाचलं की पोरी हसायच्या आणि गुपचूप वाचलेलं डोक्यात शिरत नसे. पहिल्या दिवाळीला घरी आले ती 'मी परत जाणार नाही' असं सांगायचं ठरवूनच.

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "काहीही वाच ना वं माय. तू गेली तेव्हापासून धागाच तुटून राहिला. तुह्या आवाजाबिगर मले तालच सापडत नाही."

बाबांना अक्षरओळख नव्हती. मी इतिहासाचं पुस्तक उघडलं, माग सुरू झाला. सांगायचं राहूनच गेलं.

आता मोठ्यानं वाचलं तर घरात हसणारंही कोणी नाही. साडी घडी करून ठेवते, पेपरातली एखादी बातमी मोठ्यानं वाचते आणि पहिल्याच शब्दापाशी खटक्यासाठी थांबते.