बॅप्टिस्टचे बूट, कंपनीची पट्टी

पाचूबंदरच्या बॅप्टिस्टला बोट लागायची. कोळ्याच्या घरात जन्मून समुद्रात उलट्या करायच्या म्हणजे शोभाच. भावांनी चिडवून चिडवून नकोसं केलं, तेव्हा तो मुंबईला बुटांच्या कारखान्यात लागला. ब्याण्णव साली कारखाना बंद पडला आणि हा हत्यारं घेऊन परत आला. घराच्या पडवीत दुकान मांडलं. खेळाडूंचे बूट हाताने बनवणारा असा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नव्हता, हे मी शाळेतला खेळाचा मास्तर म्हणून छातीठोकपणे सांगतो.

माप घ्यायची त्याची तऱ्हाच निराळी. ओहोटीला मुलांना ओल्या वाळूत पळवायचा आणि मागून वाकून ठसे बघत चालायचा. "उभ्या मानसाचा पाय खोटं बोलतो, सर," तो म्हणायचा. "पळताना बघायचा." मग त्या पायाचा लाकडी साचा, म्हणजे कलबूत, तासायचा आणि त्यावर बूट बांधायचा.

ॲनिशाला त्याच्याकडे नेलं ते मीच. सातवीतली पोर, अनवाणी पळून दहावीच्या मुलींना मागे टाकायची, पण शर्यत संपली की डावा घोटा धरून बसायची. बॅप्टिस्टने दोन ओहोट्या तिचे ठसे पाहिले. डाव्या बुटाला बाहेरच्या कडेने रबराचा एक थर जास्त दिला आणि घोट्याचं दुखणं गेलं. पाय वाढत गेला तशी तो तिची कलबुतं नव्याने तासत राहिला. जिल्हा, राज्य, सगळं तिने त्याच्याच बुटांवर जिंकलं.

दोन हजार एकमध्ये तिला कंपनी मिळाली. नाव घेत नाही. बुटांवर लाल पट्टी असायची तीच. महिन्याला मानधन, परगावी सराव, कपडे, बूट, सगळं कंपनीचं. एकच अट, पायात दुसऱ्या कुणाचा बूट दिसता कामा नये. आम्ही फटाके वाजवले. तीन महिन्यांत तिच्या पायाची नखं काळी पडली आणि घोटा पुन्हा दुखायला लागला.

एका दुपारी ती बॅप्टिस्टच्या मागच्या दाराने आली. मी तिथेच चहा पीत होतो.

"अंकल, तुमचेच बूट पाहिजेत. फक्त वरती कंपनीची पट्टी लावून द्या. बाकीचे खेळाडू पण असंच करतात, कोणाला कळत नाही."

बॅप्टिस्टने तिचा डावा घोटा दाबून पाहिला. त्याची बायको इनेझ आतून कडाडली, "सवताच्या बुटाला कधी नाव नाय लावलं, आनि आता दुसऱ्याचं लावनार?"

"पोरीचा पाय दुखतोय," एवढंच तो म्हणाला. कंपनीच्या नव्या कोऱ्या बुटांवरची लाल पट्टी त्याने टाका टाका उसवून काढली आणि आपल्या बुटांवर शिवली. शिवण इतकी साफ की माझाही विश्वास बसेना.

त्या बुटांवर ती देशात पहिली आली. महिनाभरात तुळिंजच्या नाक्यावर कंपनीचा फलक लागला: अर्ध्या भागात ॲनिशा, अर्ध्या भागात तिचे बूट. बॅप्टिस्ट बघायला गेला आणि हसत परत आला. "माझी शिवन हाताएवढी दिसते, सर!" पुढे त्याचं हसू आटलं. फलक बघून आमच्या शाळेतली मुलंही लाल पट्टीचे बूट मागू लागली. जे बूट तो स्वतः बनवत होता, त्यांचीच जाहिरात त्याची गिऱ्हाइकं पळवत होती, आणि याला तोंड उघडायची सोय नव्हती.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात चर्चच्या हॉलमध्ये तिचा सत्कार ठरला. त्याआधी ती मापाला आली तेव्हा बॅप्टिस्टने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. "गावासमोर एकदा सांग, बूट मी बनवतो. एकदाच. बाकी काय नको." तिने त्याचा हात धरून कबूल केलं. करार मोडला तर काय होईल, हे त्या साध्या माणसाला ठाऊक नव्हतं. तिला होतं.

रविवारची मिस्साची प्रार्थना संपली आणि हॉल भरला. बॅप्टिस्ट लग्नातला कोट घालून आला होता. पहिल्या रांगेत कंपनीचा साहेब बसला होता. सूत्रसंचालन माझ्याकडे. मीच विचारलं, "ॲनिशा, या यशात बुटांचा वाटा किती?"

"खूप. कंपनीने माझ्या पायांची खूप काळजी घेतली." मग तिची नजर तिसऱ्या रांगेत गेली. "आणि आपले बॅप्टिस्ट अंकल. लहानपणी माझे फाटलेले बूट शिवून द्यायचे. थँक यू, अंकल."

टाळ्या पडल्या. शेजारच्यांनी बॅप्टिस्टची पाठ थोपटली. तो तसाच मान खाली घालून बसून राहिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याच सकाळी कंपनीने आमच्या शाळेच्या संघाला तीस जोड बूट जाहीर केले होते. मी पुढचा कार्यक्रम पुकारला.

चार दिवसांनी ती पुन्हा मागच्या दाराने आली. जानेवारीत मोठी शर्यत होती, बूट हवे होते. बॅप्टिस्टने तिची दोन्ही कलबुतं फळीवरून काढून तिच्या हातात दिली. "कंपनीला दे. तुझे पाय हायत." ती रडली म्हणतात. रडो बापडी, मला तिची दया आली नाही. जानेवारीत ती अर्ध्या वाटेत घोटा धरून बसली आणि उन्हाळ्याच्या आत कंपनीने फलकावर दुसरी मुलगी आणली.

मी बॅप्टिस्टकडे गेलो ते तिला शिव्या घालायलाच. कृतघ्न, दगाबाज, जे सुचेल ते बोललो. त्याने दुकान मोडलं होतं; पडवीत बसून भावाचं जाळं दुरुस्त करत होता. माझं सगळं बोलून होईपर्यंत त्याने ऐकून घेतलं.

"तिचं पोट व्हतं कंपनीवर, सर," तो म्हणाला. "पन माईक तुमच्या हातात व्हता."