देवावर सोडलेल्या गोळ्या

एचआयव्ही घेऊन मी बारा वर्षं जगत होते. नवरा त्याच आजारात गेला. लोणी गावात शिवणकाम करून मुलीला वाढवलं, पण तिलाही हे कधी कळू दिलं नाही. गोळी दार लावून घ्यायचे, पण एक दिवस चुकवली नव्हती. तिचं लग्न झालं आणि मी ओझरच्या विघ्नहर गणपतीला म्हणाले, "आता सगळं तुझ्यावर." गोळ्या बंद केल्या. त्याला मी श्रद्धा समजत होते. खरं तर थकले होते.

आठ-नऊ महिन्यांत हात जड झाले. सुईत दोरा ओवता येईना. बोलता बोलता शब्द हरवायचे. एकदा फोनवर लेकीचं नावच आठवेना. वय झालं, असं मनाशी म्हणायचे. वय होतं सत्तेचाळीस.

एका संकष्टीला एकटीच ओझरला गेले. दर्शन घेऊन रस्त्यावर आले आणि कुठून आलो, कुठं जायचं, काही सुचेना. एका पायातली चप्पल निसटली होती, तेही पायाला कळलं नव्हतं. तापल्या डांबरावर नुसती उभी होते.

दूर्वा विकणाऱ्या एका बाईनं मला सावलीत बसवलं. पिशवीत फोन शोधताना तिच्या हाती दवाखान्याचं गोळ्यांचं जुनं कार्ड आलं. तिनं ते वाचलं आणि माझ्या आणखी जवळ सरकली.

"माजा भाऊ याच गोळ्यांवर हाय. तुमी घेता ना?"

"देवावर सोडलंय," मी कसंबसं म्हणाले.

तिनं कार्ड पिशवीत परत ठेवलं. "मग त्यानंच तुमाला हितं बसवलं आसंल. चला, दवाखान्यात जाऊ."

ऐन संकष्टीच्या गर्दीत टोपली शेजारणीकडे देऊन ती माझ्याबरोबर रिक्षात बसली. लेकीला फोनही तिनंच केला.

पाठीतलं पाणी तपासून डॉक्टर म्हणाले, गोळ्या थांबल्या तसा विषाणू मेंदूत बळावला. पुन्हा सुरू करू, पण सगळं परत येईलच असं नाही. लेक आली. तिला सगळं सांगावंच लागलं. तिनं एवढंच विचारलं, "आई, इतकी वर्षं एकटीच?" मी लहान मुलासारखी रडले.

शब्द बरेचसे परत आले. डावा पाय अजून बधिरच आहे. काजं-बटणं करणं सुटलं ते सुटलंच. त्या दिवशी देव आला की ती बाई आली, याचा मी खल करत नाही. दोघांचीही ऋणी आहे. सकाळी देवापुढे दिवा लावते आणि तिथंच बसून गोळी घेते. दार उघडंच असतं.