दिनकरने मला जहाजावर नेले नाही

दिनकर आणि मी जबलपूरच्या अधारतालमधले, एकाच वर्गातले. गणितात माझे मार्क नेहमी जास्त. तरी नौदलात तो ऑफिसर झाला आणि मी रेडिओ ऑपरेटर. मुंबईच्या तळावर तो समोर आला की मी सॅल्यूट ठोकून ‘सर’ म्हणायचो. मी जळायचो, आणि त्याला ते कळायचे.

युद्ध सुरू झाले तेव्हा मी किनाऱ्यावरच्या सिग्नल स्टेशनात होतो, तो फ्रिगेटवर. त्याच्या जहाजावर ऑपरेटरची एक जागा रिकामी होती. त्याने कॅप्टनकडे शब्द टाकला असता तर माझी बदली झाली असती. मी दोनदा विनंती केली.

“तू इथेच राहा,” एवढेच तो म्हणाला. साहेबांना सगळे नाव एकट्यालाच हवे, असे मी धरून चाललो.

जहाज निघाल्यावर दुसऱ्या संध्याकाळी सेटवर त्याचाच आवाज आला. “वी आर हिट. टॉर्पेडो. पोझिशन...” पुढे खरखर. आदेश येईपर्यंत हाका थांबवायच्या नाहीत असा नियम. सकाळपर्यंत मी हाका देत होतो. मग वरून आदेश आला, “स्टॉप कॉलिंग.” मी हेडफोन काढले.

वाचलेल्या एका खलाशाने मला सांगितले, ऑपरेटर कमी म्हणून लेफ्टनंट साहेब स्वतः सेटवर बसले होते. ते तिथून उठलेच नाहीत.

पुढे दिनकरची धाकटी बहीण सुमन माझी बायको झाली. दिवाणखान्यात त्याचा फोटो आहे, युनिफॉर्ममधला, काळ्याभोर केसांचा. मला कवळी लागली, साखरेचा आजार जडला. तो तसाच देखणा. पाहुणे आधी त्याच्याकडे बघतात. मला अजून त्याचा हेवा वाटतो.

दरवर्षी त्या दिवशी आम्ही जबलपूरच्या ग्वारीघाटावर जातो. नर्मदा अरबी समुद्राला मिळते, म्हणून सुमन भावासाठी तिच्यात दिवा सोडते. यंदा माझा तोल सुटला. “त्यानं मला नेलं असतं, तर भिंतीवर फोटो माझा असता.”

ती वात सरळ करत होती. “मीच दादाले म्हटलं होतं, माझ्या मनात ते आहेत, त्यांना जहाजावर नेऊ नको.”

“मग त्याले काहून नाही अडवलं?”

“तो ऐकणारा होता का? तुमच्या बाबतीत तरी त्यानं माझं ऐकलं.” तिने डोळे पुसले. “चलो, दिवा सोडा.”

पहिल्यांदाच दिवा मी सोडला. लेफ्टनंट दिनकर सेटपुढच्या माझ्या रिकाम्या खुर्चीवर बसून गेला, हे सुमनला ठाऊक नाही. मी ते तिला कधी सांगणार नाही.