तिसऱ्या लढतीचं मानपत्र

अमेरिकेत, आमच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्रं माझ्याकडे येतात, कारण नागपूरच्या एका दैनिकात मी बारा वर्षं डेस्कवर, बातम्या तपासायला होते. या वर्षी गणपतीत एका जुन्या अमेरिकन हेवीवेट बॉक्सरचा सत्कार ठरला. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टर, सगळ्यांचे काका; तो त्यांचा शेजारी. वय एक्क्याऐंशी. हात थरथरायचे, बोलताना जीभ अडखळायची, सकाळचं दुपारी आठवत नसे.

"यार काका, हा स्टेजवर पडला तर?" सेक्रेटरीने मीटिंगमध्ये विचारलं.

"रेफरीसारखे दहा मोजू," काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

माहिती घ्यायला त्याच्या घरी गेले. उमेदवारीच्या दिवसांत तो एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीनदा लढला होता. पहिली लढत याने जिंकली, दुसरी त्याने. तिसरी जिंकेल त्याला मोठ्या लढती मिळणार होत्या. नवव्या फेरीत हा पडला आणि उठला नाही. प्रतिस्पर्धी पुढे गेला, त्याने नाव कमावलं, आणि तो केव्हाच वारला.

निघताना त्याच्या बायकोने मला दारात थांबवलं. "तिसरी आपणच जिंकलो असं त्याला वाटतं. दोन वर्षं झाली. बाकी सगळं गेलंय, तेवढं राहू दे. हरल्याचं लिहू नकोस."

मी हो म्हटलं.

"तीन गाजलेल्या लढती दिल्या," एवढं वाक्य पुरलं असतं. मी तसंच लिहिलंही. मग दुसऱ्या दिवशी वाचताना ते अर्धवट वाटलं. निकाल नसलेली खेळाची बातमी मी डेस्कवरून परत पाठवत असे. जुन्या बातम्या काढून तपासल्या आणि तिन्ही निकाल घातले.

कार्यक्रम रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये. पाहुण्याला कळावं म्हणून मानपत्र इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, फ्रेम केलेलं. वाचणारा थांबला की टाळ्या वाजवायच्या, ही आपली सवय. ऐकत कोणीच नसतं. काकू एकमेकींच्या साड्या बघत होत्या. सेक्रेटरी वाचू लागला.

"पहिल्या लढतीत आपण विजयी झालात." टाळ्या.

"दुसरीत पराभव स्वीकारावा लागला." टाळ्या.

"तिसऱ्या लढतीत, नवव्या फेरीत, आपण नॉकआउट झालात." सेक्रेटरी श्वास घ्यायला थांबला. हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. मागून एक शिट्टी आली.

बॉक्सर शाल पांघरून स्टेजवर खुर्चीत बसला होता. समोर माइक चालू होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"कोण नॉकआउट झालं?"

"तो दुसरा," बायको म्हणाली.

"मग हे मला का सांगतायत?"

तिने त्याची शाल सारखी केली. काकांनी घाईने त्याच्या हातात नारळ दिला. नारळ मांडीवरून घरंगळून स्टेजखाली गेला. कोणीतरी आणून दिला आणि फोटो पुन्हा काढला.

आठवड्याने त्याच्या बायकोचा फोन आला. फ्रेम त्याने पलंगासमोर लावून घेतली होती. रोज सकाळी तो ती वाचायचा आणि विचारायचा, मी पडलो कधी? "काढून ठेवली तर घरभर शोधतो. ठेवली तर वाचतो. सांग, काय करू?"

"दुसरं करून देते," मी म्हटलं.

तोच कागद, तीच नक्षी, तेच टाइप. फक्त तिसरा निकाल बदलला. मंडळाचा शिक्का पुन्हा मारून घेतला. तो झोपेत असताना तिने फ्रेममधला कागद बदलला.

चार दिवसांनी पुन्हा फोन.

"त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, हे खोटं आहे. तिसरी मी हरलो, नवव्या फेरीत."

"कागद तर अगदी तसाच होता," मी म्हटलं.

"अभिनंदन," ती म्हणाली. "दोन वर्षांत त्याच्या लक्षात राहिलेली ही पहिली नवी गोष्ट."